डावी मूठ

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा सांगायला जातो. बावीस वर्षं फौजेत काढली, स्मशानाला खेटून तंबू ठोकले, कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

मी मूळचा पाटणचा. निवृत्तीनंतर तासगावला भावाजवळ राहायला आलो. भावाची मुलगी पूनम पुण्यात 'ताई ची' शिकली. संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार, त्यात तलवारही असते. तिला इथे क्लास काढायचा होता. शाळेचा हॉल मागायला गेली, तर हेडसर म्हणाले, "तुला येतंय ते दिसतंय गं. पर दुसऱ्याला शिकवता येतंय का? एका शिष्याला न चुकता करून दाखवू दे, हॉल तुझा."

शिष्य एकच होता — मी!

बेदाण्याच्या शेडसमोर रोज सकाळी लाकडी तलवार घेऊन सुरुवात केली. उजवा हात पटकन शिकला. घोळ घातला डाव्याने. या प्रकारात रिकाम्या हाताची पहिली दोन बोटं सरळ ठेवायची आणि उरलेली दोन अंगठ्याखाली दुमडायची. माझी मात्र मूठ वळायची, आणि तीही सावधानमध्ये असते तशी, पँटच्या शिवणीला चिकटून.

"आवं काका, मूठ सोडा की! परेड हाय का ही?"

"सोडतोय गं... सुटंना झालीया."

ही मूठ बसवली आमच्या ड्रिलच्या उस्तादांनी. ते प्रत्येकाला गावाच्या नावाने हाक मारायचे. "ए पाटण! मुट्ठी बंद!" मूठ जरा सैल दिसली की बोटांवर छडीचं टोक. पोराच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी डावी मूठ वळलेली आहे. बायको अजून चिडवते. उस्ताद जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या फोटोला मी स्वतः सॅल्यूट करून आलोय.

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर परीक्षा झाली. पोरं मातीत ऐसपैस बसलेली, हेडसर खुर्चीत, भाऊ मोबाईलवर शूटिंग करत होता. पहिल्या दोन हालचाली झकास झाल्या. तिसरीत डावा हात कमरेजवळून जातो, आणि तिथेच बोटं आवळायला लागली. समोर पूनमचा चेहरा उतरला. वाटलं, संपलं... पोरीचा क्लास मीच बुडवला.

तेवढ्यात मागून, अगदी कानाशी —

"मुट्ठी खोल, पाटण. आराम से."

तोच घोगरा आवाज. फौजेत 'आराम से' हा हुकूमच असतो, अंग सैल सोडायचा. पण उस्तादांनी इतक्या मायेने तो कधी दिला नव्हता. बोटं सुटली. मी सोडली नाहीत, ती सुटली! दोन बोटं सरळ झाली आणि मग तलवार अशी फिरली की शेवटच्या हालचालीपर्यंत मी कुठे आहे तेच कळलं नाही.

"लय भारी, फौजी!" हेडसर खुर्चीतून उठलेच. हॉलची किल्ली त्यांनी तिथेच पूनमच्या हातात ठेवली. ती रडायला लागली, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

घरी व्हिडिओ पाहिला. तो आवाज त्यात नाही. माझ्या मागे कुणीही नाही. पण माझी बोटं सुटायच्या क्षणी एक गोष्ट दिसते. ऐसपैस बसलेली सगळी पोरं एकदम पाठ ताठ करून बसतात... अगदी एकाच वेळी. सोमवारी शाळेत जाऊन विचारलं, "का रं, तवा कुणी काय म्हटलं का?"

"न्हाई काका. उगंच बसलो."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पूनमच्या क्लासला आता हॉल कमी पडतो. परवा तिने सगळ्यांचा फोटो काढला. मधोमध मी उभा आहे, आणि माझा डावा हात मोकळा आहे.