पाटावरचा लॅपटॉप

लॅपटॉप घरात आला त्या दिवशी मी हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाले, तर सुनेने माझे मनगट धरले. "आत्या, त्याच्यावर नको. बटणांत पावडर गेली तर बंद पडंल." नवी वस्तू घरात आली की हात आपोआप करंड्याकडे जातो. मिक्सर आला, कूलर आला, लेकाची मोटारसायकल आली, सगळ्यांना कुंकू लावले होते. मग मी ते रिकाम्या खोक्याला लावले. खोके अजून माळ्यावर आहे, कुंकवासकट.

तेव्हा लेकाला जाऊन वर्ष झाले होते. तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा. त्याच कारखान्यात मी जन्मभर टॉवेलच्या कडा शिवल्या. एक दिवस त्याच्या छातीत कळ आली, दवाखान्यात आठवडा काढला आणि गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मूलबाळ नव्हते. मागे राहिलो आम्ही दोघी.

वर्षश्राद्धाला सुनेचा धाकटा भाऊ जेऊरहून आला होता. शेती करतो, माणूस वाईट नाही. जेवण झाल्यावर पान लावता लावता म्हणाला, "मावशी, ताईला घेऊन जातो म्हणतो. हितं ती एकटी काय करणार?"

"एकटी कशी? मी काय मेले व्हय?"

"तसं न्हवं मावशी..."

"न्यायची तर न्या की, पाव्हणं. मी काय दारात आडवी पडत न्हाय."

असे बोलले आणि भांडी घासायला मोरीत गेले. भांडी आधीच घासून पालथी घातलेली होती. ती परत घासली.

आतून सुनेचा आवाज आला. पुण्याच्या एका कंपनीचे घरी बसून करायचे काम तिला मिळत होते. लग्नाआधी ती बी.कॉम. झालेली. कंपनीवाले म्हणाले होते, दिवाळीपर्यंत बघू, जमले तर काम पक्के.

"आन् न्हाय जमलं तर?" भावाने विचारले.

"तर येते तुझ्यासंगं. भाऊबीजेला ये, तवा बघू."

म्हणजे ठरले. काम टिकले तर सून सोलापुरात, नाही तर जेऊरला. मला कोणी विचारले नाही आणि मीही काही बोलले नाही. राहा म्हटले असते तर ती राहिली असती. म्हणूनच म्हटले नाही.

श्रावणात कंपनीने लॅपटॉप पाठवला. सून फोन कानाला लावून बसली, पलीकडचा माणूस सांगेल तसे करत गेली. आधी तो नुसता चार्ज होत पडला होता, जेवून झोपल्यासारखा. मी एवढेच सांगितले, की कूलरच्या बोर्डात ठिणगी उडते, तिथे लावू नको. तिने वायरमन बोलावून नवा बोर्ड बसवून घेतला, अर्थिंगसह. माझे एक तरी तिने ऐकले.

मग पासवर्ड घालायची वेळ आली, तर तिने माझ्याकडे पाठ केली. मी चौथी शिकलेली. पाठ केली नसती तरी मला काय कळणार होते? पण मी ते लक्षात ठेवले.

पुढे तर ती उठली की दोन बटणे दाबायची, आणि पडद्यावरचे सगळे नाहीसे व्हायचे. दूध उतू चालले तरी आधी बटणे, मग दूध. एक दिवस माझ्याने राहवले नाही.

"घरात चोर कोन हाय? मी?"

"तसं न्हाय आत्या. नियम हाय."

"कपाटाची किल्ली तुझ्या कमरंला, आन् हे कुलूप मला व्हय?"

तिने मला जवळ बसवले. म्हणाली, "हे लोकांचे दवाखान्याचे कागद असतात. विम्यासाठी येतात. कुणाला काय झालं, कुणाचं कसलं ऑपरेशन, सगळं ह्यात हाय. मी तपासायचं आन् पुढं पाठवायचं. मी सोडून दुसऱ्या कुणी बघायचं न्हाय."

माझ्या लेकाचेही कागद असेच कुठेतरी गेले असणार. त्याची छाती, त्याचे रक्त, सगळे कुणीतरी वाचले असणार. जिने वाचले, तिने उठताना ते झाकले असेल तर बरे. त्यानंतर मी तिच्या कुलपाबद्दल बोलले नाही. उलट शेजारीण डोकावायला लागली तर मीच म्हणायची, "बटनं दाब गं."

एकदा ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन वाजला. मी उचलला. एक पोरगा घाईघाईने म्हणाला, "कंपनीतून बोलतोय. लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय. फोनवर एक नंबर आलाय बघा, तेवढा सांगा."

"सासू असून मला तिनं पासवर्ड सांगितला न्हाय," मी म्हणाले, "तू कोन लागून गेलास?"

"आजी, अर्जंट आहे."

"असू दे. तिची अंघोळ व्हायची हाय."

त्याने फोन आपटला. सून ओल्या केसांनी बाहेर आली, मी सगळे सांगितले. आधी ती घाबरली, फोन बघितला, नंबर कोणाला गेलेला नाही याची खात्री केली. मग भिंतीला टेकून हसायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा तिचे दात दिसले. मी म्हटले, डोकं पूस आधी.

आता टॉवेलचे सांगते.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहिते. मध्ये दिवस जातात, मग कधीतरी गल्लीत ओरडा होतो, "पाणी आलं!" आणि जो तो हातातले टाकून पळतो. आमचा नळ पुढच्या दारी, पिंपे मागच्या दारी. पाइप बाहेरच्या खोलीतून न्यावा लागतो. त्याच खोलीत दिवाणावर सून काम करायची. लॅपटॉपला टोचू नये म्हणून मी त्याच्याखाली चादर चौघडी करून घातली होती. आमचीच सोलापुरी चादर, जाड, ऊबदार.

त्या दिवशी सुनेचे काम नुकतेच संपले होते, आणि केलेले सगळे पुण्याला पाठवणे चालू होते. एवढ्यात ओरडा झाला. ती उठताना म्हणाली, "आत्या, ही निळी पट्टी भरत चाललीय. पुरी भरंस्तोवर हात लावू नका." मग दोन बटणे दाबली आणि बादल्या घेऊन पळाली.

पाइपाच्या जोडातून पाण्याचे बारीक फवारे उडत होते. मी बघितले, थेंब दिवाणापर्यंत येत होते. हात लावायचा नाही, तर नाही लावला. कपाटातून जाड टॉवेल काढला, दुहेरी केला आणि लॅपटॉपवर पांघरला. कडेने खोचलासुद्धा, तान्ह्या पोराला खोचतात तसा. मग मीही पाणी भरायला लागले.

पिंपे भरली, पाइप गुंडाळला, सून हात पुसत आली. टॉवेल काढला तर पडदा काळा. तिने खाली हात घातला आणि झटकन काढला. तव्यासारखा तापला होता. पट्टी पुरी भरायच्या आतच तो बंद पडला होता.

सून पदराने लॅपटॉपला वारा घालत बसली. मी चहा ठेवला. कोणी प्यायला नाही.

लॅपटॉप गार झाला आणि परत सुरू झाला, तोवर पाठवायची वेळ टळून गेली होती. पुण्याची मॅडम पडद्यावर आली. वयाने सुनेएवढीच, पण कपाळाला आठ्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"काय झालं?"

"लाईट गेली होती मॅडम," सून म्हणाली.

"लाईट गेली तरी लॅपटॉपला बॅटरी असते ना?"

सून खाली बघायला लागली. तिला खोटे बोलता येत नाही, कधीच आले नाही. मी पुढे गेले आणि तिच्या खांद्यावरून वाकले.

"लाईट न्हाय गेली, बाई. मी टॉवेल टाकला त्याच्यावर. पानी उडत हुतं. खाली चादर बी माझीच हाय."

मॅडम बघतच राहिली. "तुम्ही कोण?"

"सासू."

ती हसू दाबत होती की राग, मला कळले नाही. मग म्हणाली, "आजी, तो खालून आणि बाजूने हवा घेतो. गादीवर, चादरीवर ठेवला की त्याचं नाक बंद होतं. वरून झाकलं तर मग विचारूच नका. कडक जागेवर ठेवायचा, टेबलावर. आणि चालू असताना पांघरूण घालायचं नाही." नंतर सुनेकडे वळून तिचा आवाज बदलला. "आजचं पाठवा, मी वर सांगते. पण दिवाळीच्या आत पुन्हा असं झालं तर मला काही करता येणार नाही."

पडदा बंद झाल्यावर सून म्हणाली, "तुमी कशाला मधी बोललात?"

"तुला खोटं बोलता येत न्हाय म्हणून."

टेबल आमच्या घरात नव्हते. ठेवायला जागाही नव्हती. आम्ही जमिनीवर बसून जेवणारी माणसे, माझा एक पाट आणि लेकाचा एक. लेकाचा पाट सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुले, खाली दोन आडव्या पट्ट्या. तो गेल्यापासून पाट पिठाच्या डब्यामागे भिंतीला टेकवून उभा होता. त्यावर कोणी बसत नव्हते. सून झाडताना त्याच्याभोवतीने झाडायची, मी पुसताना त्याच्याभोवतीने पुसायची. हलवायचा नाही असे कोणी म्हटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो काढला. मागे कोळ्याने जाळे केले होते. ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. ज्वारीचे दोन भरलेले डबे भिंतीशी ठेवले, थोडे अंतर सोडून, आणि पाट त्यांच्यावर आडवा टाकला. हाताने दाबून बघितला. हलत नव्हता. खाली पाय घालून बसता येत होते.

सून अंघोळ करून आली आणि थांबली. पाटाकडे बघितले, माझ्याकडे बघितले.

"आत्या, हा..."

"कडक हाय," मी म्हणाले. "आन् खालनं हवा लागती. ठेव त्याच्यावर."

तिने लगेच ठेवला नाही. खाली बसली, एका कोपऱ्यातल्या पितळी फुलावरून बोट फिरवले. तिथे तो जेवताना अंगठ्याने घासायचा, ते फूल बाकीच्यांपेक्षा चकचकीत आहे. ते मला माहीत होते. तिलाही माहीत होते, हे मला त्या दिवशी कळले. मग तिने लॅपटॉप आणला आणि मधोमध ठेवला.

त्यानंतर तो तापला नाही. पाणी आले की पाइप मी भिंतीच्या दुसऱ्या कडेने घ्यायची आणि जोडाला फडके गच्च बांधायची. दिवाळीच्या फराळाचे करत होतो तेव्हा सून म्हणाली, "आत्या, मॅडमचा निरोप आला. काम पक्कं झालं."

मी म्हटले, "तेल बघ. चकली जळंल."

भाऊबीजेला भाऊ आला. नवे कपडे, बहिणीला साडी. ओवाळायला पाट पाहिजे म्हणून मी माझा दिला. त्याने त्यावर बसता बसता पलीकडे बघितले.

"ह्यो दाजींचा पाट न्हवं?"

"व्हय," सून म्हणाली आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावले.

जेवताना तो म्हणाला, "काम पक्कं झालं ते लई झ्याक झालं. पर ताई, काम तर लॅपटॉपवरच हाय. आपल्याकडं बी नेट हाय की. जेऊरला बसून कर. आई बी वाट बघतीय."

हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. काम टिकले म्हणजे ती राहिली, असे मी धरून चालले होते. तो म्हणत होता ते खरेच होते. लॅपटॉप काखेत मारला की झाले. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तो नको नको म्हणत होता, तरी वाढला.

सुनेने त्या भातावर वरण वाढले. मग म्हणाली, "आईला भेटायला येते मी. चार दिस ऱ्हाते बी. पर काम हितंच करायचं, त्या पाटावर. आन् आत्यांना एकटीला पानी भरायला होत न्हाय."

"मला सगळं होतंय," मी म्हणाले.

"कुटं होतंय? मागल्या खेपंला बादली घेऊन पडला होता की."

"पाय घसरला."

"तेच म्हणते मी."

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी ताटाकडे बघत होते. त्याने भाताला हात घातला आणि म्हणाला, "बरं. आईला तसं सांगतो."

तो अजून हात धूत होता तोच गल्लीत ओरडा झाला. भाऊबीजेच्या दिवशी, भर दुपारी, पाणी. पाव्हण्याने नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाइप खांद्यावर घेतला. "मावशी, तुमी बसा." मी बसले नाही.

सून लॅपटॉपकडे गेली. तिने दोन बटणे दाबली, मग वरचे झाकण मिटले, त्याची वायर काढली. मी दारात उभी होते, खांद्यावर टॉवेल.

"आता टाका, आत्या," ती म्हणाली.

मी टॉवेल दुहेरी केला आणि त्याच्यावर घातला. कडेने खोचला.