पावसाळा काढलेली माणसं

आमच्या पाड्यावर बैठकीत कोणी बोलायचं हे वयावर ठरत नसे, आणि शिक्षणावर तर नाहीच. मागचा पावसाळा ज्याने पाड्यावर काढला त्याने बोलायचं. मग तो म्हातारा असो, नवी आलेली सून असो, नाहीतर कडेला झिंगून बसलेला कोणी असो. ज्याने काढला नाही त्याने बसायचं, ऐकायचं, चहा घ्यायचा. त्याला कोणी उठवत नसे, पण त्याचं मतही कोणी विचारत नसे.

याचं कारण पाणी. मी अगदी लहान असताना सुरगाण्याच्या डोंगरात एक धरण झालं आणि आमची टेकडी त्याच्या फुगवट्यात सापडली. घरं उंचावर होती म्हणून वाचली, भाताची खाचरं निम्मी गेली. आषाढात पाणी चारी बाजूंनी चढायचं. पाऊस होता तोवर तराफा कोणी पाण्यात घालत नसे. पाऊस सरून पाणी निवळलं की तराफ्यावरून ये-जा सुरू व्हायची, आणि उन्हाळ्यात पूर्वेकडची एक चिंचोळी पट्टी उघडी पडली की पायी. मीठ, रॉकेल, काड्यापेट्या आधीच भरून ठेवायच्या. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच पलीकडे नातेवाइकांकडे पोचवायचं. बाकी सगळं एकमेकांच्या जिवावर. कोणाचं छप्पर उडालं तर पाड्यावरच्याच माणसांनी धावायचं, दुसरं येणार कोण? म्हणून तो नियम. जो तेव्हा नव्हता त्याने टेकडीला काय हवं ते सांगू नये.

काठावरून हाळी द्यायचीही आमची एक रीत होती. प्रत्येक घराची हाळी वेगळी. आमच्या घराची एक लांब ‘कूऽऽ’ आणि मागोमाग दोन तोकड्या. पाण्यावरून आवाज जायला वेळ लागतो, म्हणून थोडंसं बोलायचं आणि थांबायचं. पलीकडच्याने ऐकू आलं की तीच हाळी परत द्यायची. ती आली नाही तर बोलणं पोचलं नाही असं समजायचं.

मी आमच्या पाड्यावरची पहिली पदवीधर. आश्रमशाळेत शिकले, मग नाशिकला वसतिगृहात राहून बी. ए. केलं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला नाशिक रोडला सरकारी कचेरीत लागले. हे मी कोणापुढे कधी हळू आवाजात सांगितलेलं नाही. कोणाची चिठ्ठी नव्हती, कोणाचा वशिला नव्हता. लग्न केलं नाही, त्याचंही कारण कोणाला दिलं नाही. एका बंगल्याच्या मागची खोली भाड्याने घेतली. घरमालकीणबाई सरळ होत्या. महिन्यातून एकदा वाटीभर भाजी द्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, “गावाला जाऊन आलात का?”

पावसाळ्यात त्याचं उत्तर ठरलेलं, “नाही.” वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई पाड्यावर एकटी, शेजारी चुलतकाकांचं घर. आषाढ लागला की तिची खबर बंद व्हायची, ती पाणी निवळेपर्यंत. फोन नाही, पत्र नेणारा कोणी नाही. कचेरीतल्या बायका सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी माहेरून आणलेले डबे उघडायच्या. मी माझी पोळीभाजी खायचे. रविवारी संध्याकाळी मी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे. कुठे जायचं नसायचं. पण स्टेशनवर एकट्या बाईला बसलेलं पाहून कोणी काही विचारत नाही, सगळ्यांना वाटतं हिची गाडी यायची आहे.

असे तीन-चार पावसाळे गेल्यावर एका उन्हाळ्यात कचेरीतल्या वर्तमानपत्रात मी वाचलं की पुढच्या वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा होतोय, आणि गावोगावच्या लोकांचं म्हणणं ऐकायला साहेब लोक येणार आहेत. आमच्या भागाची सुनावणी आमच्याच आश्रमशाळेत होती. ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या टेकडीसाठी दोन गोष्टी मांडल्या आहेत. एक, पूर्वेकडे पूल, तो सुरगाण्याच्या रस्त्याला जोडायचा. दुसरी, पश्चिमेकडे इंजिनची होडी आणि दोन्ही काठांवर बांधलेला धक्का, म्हणजे पलीकडच्या बाजाराच्या गावाला जाता येईल. पहिल्या टप्प्यात एकच होईल. लोक जे म्हणतील ते.

त्या आठवड्यात मी मनातल्या मनात पूल बांधून टाकला. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की एस. टी., पुढे जीप, आणि दिवेलागणीला घरात. श्रावणातसुद्धा. होडीचा मला उपयोग नव्हता, नाशिकहून बाजाराच्या गावाला पोचायलाच अख्खा दिवस जायचा. मी नोकरीला लागल्यापासून आईला श्रावणात पाहिलं नव्हतं. तिच्या हातची रानभाजी कशी लागते हे आठवायला लागायचं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पाड्यावर गेले. चुलतकाकांच्या अंगणात बैठक बसली होती. काका सगळ्यांत वडील. त्यांनी मला समजावून सांगायला लावलं, मी सांगितलं. सांगताना पुलाबद्दल एक शब्द जास्त बोलले नाही, होडीबद्दल एक शब्द कमी बोलले नाही.

“दोन्ही द्या म्हणावं,” काका म्हणाले.

“एकच मिळेल, काका. दुसरं पुढं बघू म्हणतात.”

“पुढं म्हंजे कवा?”

“ते लिहिलेलं नाही.”

“मग नायच समजायचं.”

द्राक्षबागांच्या कामाला जाणारा एक तरणा गडी म्हणाला, “पूल घ्या. जीप दारात येईल. आजारी माणूस तासाभरात सुरगाण्याला.”

“जीप येईल, पर पहिली कोणाची येईल?” त्याच्या बायकोने विचारलं. “मुकादमाची. आता पाणी हाय तवर चार महिने तरी तुला घरात बघते मी.”

सगळे हसले. तो म्हणाला, “चार महिन्यांत कट्टाळत नाय का?”

“तिसऱ्याच दिवशी कट्टाळते. पर तू घरात आसतोस.”

मग काकू बोलल्या. “पुलावरून जायचं कुठं? सुरगाण्याला. तिथं आपलं कोण हाय?”

“तहसीलदार हाय,” कोणीतरी म्हणालं.

“तो काय तुझा मेहुणा? बाजार तिकडं खाली. सुईण तिकडं. माझ्या दोन्ही पोरी तिकडं दिल्या. धरणाच्या आधी टेकडी उतरली की बाजारात पाय. आता त्यांच्या घरातला दिवा दिसतो आन जाता येत नाय. पार वळसा घालून जायचं तर दिवस जातो.”

तरण्या गड्याने आजारपणाचं पुन्हा काढलं. दवाखाना बाजाराच्या गावातही आहे, असं दोघातिघांनी सांगितलं. त्यावर बराच वेळ वाद झाला. मी ऐकत होते. सुरगाण्याचा दवाखाना मोठा आहे, तिथे रक्ताची तपासणी होते, हे मला माहीत होतं. तोंड उघडणार इतक्यात काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, “तू चहा घे, पोरी.”

मी चहा घेतला.

आई तोवर सुपात नागली पाखडत होती. सगळ्यांचं झाल्यावर हात थांबवून म्हणाली, “मला होडी पायजे. माझी बहीण तिकडं हाय. पावसात तिच्या चुलीचा धूर दिसतो. एखाद दिवशी नाय दिसला तर दिवसभर मला जेवण जात नाय.” बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा पाखडायला लागली.

होडी ठरली. तरण्या गड्यानेही शेवटी मान डोलावली.

घराकडे चालताना मी आईला म्हटलं, “पूल झाला असता तर मी दर आठवड्याला आले असते.”

“आली आसतीस,” ती म्हणाली. “आठवड्यातून एक दिवस. बाकीचे दिवस मी इथंच आसते ना.”

तिचं बरोबर होतं. आणि ती हे रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी निघायच्या आधी काका आले. “साहेबापुढं तूच बोल. तुझी भाषा त्यांना कळंल.”

“मी पावसाळा काढलेला नाही, काका.”

“मत नको देऊस. निरोप दे. निरोपाला पावसाळा लागत नाय.”

आश्रमशाळेच्या त्याच वर्गात, जिथे मी अक्षरं गिरवली होती, भिंतीला मोठा नकाशा लावला होता. साहेब खुर्चीवर, शेजारी लिहून घेणारा कारकून. आमची माणसं जमिनीवर बसली. आई खिडकीखाली. आमच्या टेकडीचं नाव पुकारल्यावर मी उभी राहिले आणि माईक हातात न घेता बोलले. होडी का हवी ते सांगितलं. बाजार, सुईण, दिलेल्या लेकी, पाण्याखाली गेलेली जुनी वाट. काकूंनी जे म्हटलं ते, आईने जे म्हटलं ते. तरण्या गड्याचं आजारपणाचं म्हणणंही सांगितलं, कारण तेही बैठकीत झालं होतं. सगळं नीट मराठीत, क्रमाने. आवाज हलला नाही.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, “मॅडम, लोक पुलासाठी उपोषणाला बसतात. तुम्ही मिळत असलेला पूल सोडताय. आमच्या मते पूल जास्त टिकाऊ.”

“लोकांनी विचार करून ठरवलंय, साहेब.”

“ते ठीक. तुम्ही शिकलेल्या आहात, नोकरी करता. तुमचं स्वतःचं मत काय? तेही लिहून घेतो. त्याला वजन असेल.”

कारकुनाने पेन उचललं. मला कळत होतं की मी ‘पूल’ एवढाच शब्द म्हटला तरी पुरे, त्यांना तो हवाच आहे. मागे कोणी हललं नाही. काका पायाच्या नखाकडे बघत होते. मला कोणी अडवणार नव्हतं, हेच सगळ्यांत जड होतं.

“माझं मत नाही,” मी म्हटलं. “मी पावसाळ्यात तिथे नसते. मी नाशिक रोडला राहते.”

“म्हणजे तुम्ही या पाड्याच्या रहिवासी नाही?”

कारकून उत्तरासाठी थांबला होता. माझी नाळ त्या टेकडीवर पुरलेली आहे. वडिलांना तिथेच पोचवलं. ते सगळं साहेबांच्या प्रश्नात बसत नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “रहिवासी नाही.”

त्याने लिहून घेतलं. मी ताठ उभी होते. खाली बसताना आईकडे बघितलं, तिने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढून घेतला होता.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “निरोप चांगला दिलास.” पाड्यावरची माणसं टेकडीकडे गेली, मी नाशिकच्या जीपमध्ये बसले. आई रस्त्यापर्यंत आली. भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “खा, लगेच खा.”

होडी यायला बरीच वर्षं गेली. दोन हजार साल उलटून गेलं, धक्क्याचं काम निम्मं होऊन थांबलं, पुन्हा सुरू झालं. माझी त्याच खोलीत राहायची सवय पक्की झाली. स्टेशनवरचा बाक बदलून सिमेंटचा झाला. पूल पुढच्या टप्प्यात गेला तो तिथेच आहे.

मग एका श्रावणात, रविवारी सकाळी, घरमालकीणबाईंनी मागच्या दारातून हाक मारली. “अहो, तुमच्यासाठी फोन. कोणीतरी बाई आहे, काही बोलतच नाहीये. नुसती ओरडतेय.”

मी धावत गेले. त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही लावलेला होता, घरातली सगळी बसली होती. फोन कानाला लावला. आधी खरखर, मग एक लांब ‘कूऽऽ’ आणि दोन तोकड्या.

“आई?”

पलीकडे शांतता. मग तिचा आवाज, मोठा, शेवटचं अक्षर ओढलेला, जसा पाण्यावरून येतो. “बाजारात हायऽऽ.” थांबली. “एस्टीडीवाल्यानं नंबर लावून दिलाऽऽ.” थांबली. “मावशी बरी हायऽऽ.”

तिला फोनमध्ये थांबायचं कारण नाही हे मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. मीही थोडं बोलले आणि थांबले. “होडीनं आलीस का?”

“होडीनं आलेऽऽ. भिजले नायऽऽ.” मग म्हणाली, “कधी येशीलऽऽ?”

“पाणी निवळलं की.”

ती गप्प राहिली. फोन चालू होता, मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. घरमालकीणबाई हळूच म्हणाल्या, “कट झाला का?” मी नाही म्हणून मान हलवली. आई कशासाठी थांबली आहे ते मला कळलं होतं. मी ते केल्याशिवाय ती फोन ठेवणार नव्हती, आणि ठेवलाच असता तर बोलणं पोचलं नाही असं समजून होडीत बसली असती.

मी टीव्ही बघणाऱ्यांकडे पाठ केली, तोंडापुढे हात धरला आणि आमच्या घराची हाळी दिली. एक लांब, दोन तोकड्या. हॉलमध्ये कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मी घरमालकीणबाईंना “आई होती” एवढंच सांगितलं आणि मागच्या दाराने खोलीवर आले.