सात मिनिटांची खोली

थिएटरात त्याला सगळे खिट्टी म्हणत. नेपथ्याचा सुतार होता तो. वीस वर्षांत त्याने राजवाडे उभे केले, तुरुंग उभे केले, एकदा तर अख्खी बोट उभी केली, आणि पडदा पडला की अर्ध्या तासात सगळं टेम्पोत भरलं. खिळा आणि सरस या दोन गोष्टींशी त्याचं हाडवैर. त्याच्या कामात प्रत्येक सांधा लाकडी खिट्टीवर उभा असे. खिट्टी ओढली की भिंत मोकळी. "उभं करणारे छप्पन मिळतील," तो नव्या दिग्दर्शकांना ऐकवायचा, "काढता आलं पाहिजे." दिग्दर्शक मान डोलवायचे, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी प्रयोग असायचा.

आयुष्यात त्याने एकच वस्तू सरस लावून केली होती, ती म्हणजे पाळणा. दोन वर्षांपूर्वी बायकोला दिवस गेले तेव्हा. सांध्यात सांधा असा बसवला होता की केस शिरायला जागा नव्हती. मागच्या खोलीला पिवळा रंग दिला. आणि आठव्या महिन्यात सगळं संपलं. बायको दवाखान्यातून घरी आली, तेव्हा त्या खोलीत एक पलंग होता आणि त्यावर घडी न मोडलेली चादर.

"पाळणा आपल्या लाइटवाल्याच्या भाचीला दिला," तो म्हणाला होता. "तिला मुलगी झाली."

बायकोने मान हलवली आणि पाणी प्यायला आत गेली. त्या दिवसापासून ती पाहुण्यांची खोली झाली. दोन वर्षांत एकही पाहुणा तिथे झोपला नाही.

आता पुन्हा सातवा सरला होता आणि दोघांचाही जीव टांगणीला लागला होता. बोलत मात्र कुणीच नव्हतं. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची, तिची नजर मोठी बारीक. तिनेच विषय काढला.

"माझी अक्का येतेय पुढच्या शनिवारी. महिनाभर राहील, तिला पलंग हवाच. पाळणाही त्याच खोलीत ठेवावा लागेल. आपला जुना मागून आणा ना. ती मुलगी आता दोन वर्षांची झाली, तिला काय करायचाय?"

खिट्टी घाईने म्हणाला, "दिलेली वस्तू परत कशी मागायची?"

"मी मागते. लाइटवाल्याला फोन लावते."

"नको, नको. नवीन करतो मी. त्या खोलीत बरोबर मावेल असा."

खोली जेमतेम दहा बाय नऊ. पलंग खिडकीखाली सरकवला तर कपाट उघडेना, कपाट हलवलं तर दार अडायला लागलं. चार दिवस त्याने डोकं खाजवलं आणि मग हातांना मोकळं सोडलं. पलंग बिजागऱ्यांवर घेऊन भिंतीला उभा केला, हवा तेव्हा खाली. दुपटी बदलायच्या टेबलाचे पाय काढले की भिंतीवरची फळी. पाळण्याचे कठडे सुटे होऊन पलंगामागे बसत. पिवळ्या भिंतीवर त्याने चिमण्या रंगवलेली मोठी चौकट लावली, ती उलटी केली की मागे साधा राखाडी रंग. स्वतःच्याच कामावर स्वारी खूश होती. थिएटरात तरी असं काम कुणी बघितलं होतं?

शुक्रवारी दुपारी त्याने बायकोला दाराशी स्टुलावर बसवलं. हातात घड्याळ दिलं. "लाव वेळ."

आणि तो सुटला. खिट्ट्या सपासप निघाल्या. कठडे गेले, टेबल गेलं, चिमण्या गेल्या, पलंग खाली आला, वर चादर पडली. कपाळावरचा घाम पुसत तो वळला.

"किती?"

"सात मिनिटं."

तो टाळीची वाट पाहत उभा राहिला. बायको खोलीकडे बघत होती.

"अक्का असताना पाळणा काढून ठेवायचाय का?"

"छे. पलंग खाली असला तरी पाळण्याला जागा उरते. मोजलंय मी."

"मग ही सात मिनिटं कशासाठी?"

"सवय," तो म्हणाला. "हाताची सवय."

"भिंतसुद्धा बदलते," ती हळूच म्हणाली. "मी दवाखान्यातून घरी पोचायच्या आत."

खोटं कशाला सांगा, पुन्हा तसंच झालं तर खोली पटकन आवरता यावी, असा विचार त्याने एकदाही केला नव्हता. केला त्याच्या हातांनी, तोही एकेक खिट्टी तासून. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि दोन वर्षं गिळून ठेवलेलं बोलून गेला.

"तो पाळणा मी कुणालाच दिला नाही. तू चार वाजता येणार होतीस आणि तो सुटेना. सरस लावलेला ना. शेवटी करवतीने कापला. अडीच तास लागले."

बायकोने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी मनातल्या मनात त्या मुलीला रोज झोपवायचे त्यात. खिडकीकडे पाय करून. म्हटलं, आपलं नाही तर नाही, कुणाचं तरी पोर झोपतंय."

त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. ती उठून त्याच्याजवळ गेली नाही. राग होता तिला, आणि तो रास्त होता.

"सरस आहे का घरात?" तिने विचारलं.

घरातला डबा वाळून दगड झाला होता. तो खाली जाऊन नवीन घेऊन आला. तोवर तिने कठडे ओढून जमिनीवर मांडून ठेवले होते. त्याने खिट्ट्या बाजूला टाकल्या, सांध्यात सरस भरला, आणि त्याचा हात थबकला.

"एकदा लागला की सुटणार नाही."

"माहीत आहे मला."

सांधे आवळायचे शिकंजे थिएटरात राहिले होते. म्हणून दोघं समोरासमोर बसले, तो जमिनीवर, ती स्टुलावर, आणि दोन बाजूंनी पाळणा दाबून धरला. आठवा अख्खा महिना अजून जायचा होता. ती नेटाने दाबत होती, तोही. लाकडातून ते एकमेकांना कळत होतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "वाईटच व्हायचं असेल, तर या वेळी आधी मला घरी येऊ द्या. काय कापायचं ते दोघं मिळून कापू."