दाराशी बसलेला बगळा

आमच्या अंगणात जुन्या अँटेनाचा पाइप अजून उभा आहे. आता त्याला दोरी बांधून मी कपडे वाळत घालते. तळहाताला गंजाचा वास लागला की लखमाभाऊ आठवतात आणि मान खाली जाते.

ऐंशीच्या दशकात ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात एकच टीव्ही होता, आमचा. लखमाभाऊ तळ्यात मासे धरायचे आणि दंडारीच्या खेळात सोंगं काढून लोकांना हसवायचे. टीव्हीसाठी त्यांनी नवंच सोंग बसवलं आणि मुंबईला जाऊन करून आले. ते लागलं त्या संध्याकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ते स्वतः धुतलेलं धोतर नेसून दाराशी बसले होते.

पडद्यावर ते एका पायावर उभे दिसले. हलेनात. पापणीही लवेना.

"चित्र अटकलं," म्हणत मी उठले.

"राहू द्या बाई, बराबर आहे ते," दारातून ते म्हणाले.

"तुम्हाले टीव्हीतलं का समजते, भाऊ?" मी त्यांना ओलांडून अंगणात गेले आणि पाइप फिरवला. पडद्यावर नुसत्या मुंग्या. चित्र परत आलं तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

"बगळा होतो मी," ते हळूच म्हणाले. "मासोळी येतपर्यंत हलाचं नसते."

चपला घालताना त्यांनीच माझी समजूत काढली, "माझंच चुकलं बाई. थोडं हलाले पाह्यजे होतं."

नाही, असं म्हणायला हवं होतं. मी दार लावून घेतलं.