एक शब्दही बदलू नका

आमच्या शेजारच्या आप्पांनी नापास केली नाही अशी वस्तू कारेगावात अजून जन्माला यायची आहे. ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो, तिथेच ते कित्येक वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत आणि शिफ्ट सुटली तरी त्यांची तपासणी सुटत नाही. बाजारात ते एक वांगं घेतात तेवढ्यात बाकीच्यांचा आठवड्याचा भाजीपाला घेऊन होतो. शिरूरला माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी ताटातल्या दोन जिलब्या शेजारी शेजारी मांडल्या, खिशातल्या स्टीलच्या पट्टीने मोजल्या आणि आचाऱ्याला बोलावून सांगितलं, की एवढा फरक चालत नाही, सगळा लॉट परत घ्या. आचाऱ्याला लॉट म्हणजे काय ते कळलं नाही, पण आप्पांचा चेहरा पाहून त्याने गरम जिलब्यांची नवी परात आणली. तेव्हापासून पंगतीत त्यांच्या शेजारची जागा धरायला लोक धडपडतात.

असा हा माणूस गाणी लिहितो, आणि गाणी लिहिताना मात्र ती पट्टी खिशातून बाहेर येत नाही. जयंतीला भीमगीत, सरपंचाच्या वाढदिवसाला गौरवगीत, शर्यतीच्या बैलाला स्तुतिगीत, कुणालाच ते नाही म्हणत नाहीत. भांडगावच्या एका बैलावर त्यांनी गाणं केलं, त्यात तो वाऱ्याला मागे टाकतो असं होतं. शर्यतीच्या दिवशी बैल अर्ध्यातून वळला आणि शेजारच्या उसात शिरून निवांत चरू लागला. मालक गाणं बदलून मागायला आला, तर आप्पा शांतपणे म्हणाले, "गाण्यात काय बी फॉल्ट न्हाई. बैल रिवर्कला घ्या."

पण त्यांच्या जिवाचं गाणं एकच, काकींवर लिहिलेलं. काकी म्हणजे त्यांची बायको. या बाईने नवऱ्याचं एकही गाणं आजवर पुरतं ऐकलेलं नव्हतं. आप्पांचा आवाज पत्रा ओढत नेल्यासारखा. त्यांनी पहिली ओळ धरली की काकी मिक्सर लावायच्या. भांड्यात काही असायचंच असं नाही. म्हणून आप्पांच्या मनाने एकच घेतलं होतं, की हे गाणं एखाद्या खऱ्या गायकाच्या गळ्यातून रेकॉर्ड व्हावं आणि तिने ते शेवटपर्यंत ऐकावं.

त्यातच मोबाइलवर नवोदित गीतकारांना संधी देणाऱ्या एका म्युझिक कंपनीची जाहिरात त्यांना दिसली. गाणं पाठवलं आणि दहा मिनिटांत एका मॅडमचा फोन आला. हजारो गाण्यांतून तुमची निवड झाली, शब्द काळजाला भिडले, एक शब्दही बदलू नका. फक्त रेकॉर्डिंगचा खर्च तेवढा गीतकाराने भरायचा आणि तोही परवापर्यंत, कारण गायकाच्या तारखा मिळत नाहीत. गायक कोण, तर फार मोठे आहेत, नाव आत्ता सांगता येत नाही. त्या दिवशी आप्पांच्या हातून एकही पार्ट रिजेक्ट झाला नाही. सुपरवायझर घाबरून त्यांचा ताप बघायला आला.

त्यांनी करार मला वाचायला दिला. पैसे आप्पांचे, गाण्याचे सगळे हक्क कंपनीचे आणि गाणं कुठे वाजणार याबद्दल कागदावर चकार शब्द नाही. मी सांगितलं, की ज्याला गाणं हवं असतं तो लिहिणाऱ्याला पैसे देतो, त्याच्याकडे मागत नाही. अहो, बैलवालासुद्धा तुम्हाला टॉवेल-टोपी देतो. आप्पा भडकले. जन्मभर नटबोल्ट मोजणाऱ्याला कलेतलं काय कळणार, म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून मी त्यांच्याच धंद्यातली गोष्ट काढली. आमच्याकडे सकाळी लाइन सुरू करताना लाल रंग दिलेला एक खराब पार्ट मुद्दाम तपासणीच्या मशीनमध्ये घालतात. मशीनने तो बाहेर फेकला तर ठीक, पास केला तर मशीन बंद.

"आप्पा," मी म्हणालो, "पैसे भरायच्या आधी एक लाल पार्ट घालून बघा."

हे त्यांना पटलं. माझ्या फोनवरून, माझ्या नावाने आम्ही कॅन्टीनमधली पाटी जशीच्या तशी पाठवली. हात धुऊन रांगेत यावे. ताटात अन्न टाकू नये. आपले ताट आपण उचलावे. चहा संपायच्या आत मॅडमचा फोन. विरह फार सुंदर उतरलाय, म्हणाल्या, विशेषतः ती रांगेची ओळ. हजारो गाण्यांतून निवड झाली, एक शब्दही बदलू नका.

मी पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "लाल पार्ट पास झाला. म्हंजी माझं गाणं बी कुणी बघितलंच न्हवतं."

पैसे वाचले, पण माणूस पार उतरला. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो आणि ते गाणं म्हणून दाखवा, म्हणालो. इतकी वर्षं मीही ते टाळत आलो होतो. लाइट गेलेली होती, त्यामुळे काकींचाही इलाज नव्हता. तिसऱ्या ओळीत हिरवा शालू नेसलेली नवरी मांडवात आली, आणि तांदूळ निवडणाऱ्या काकींचा हात थांबला.

"हिरवा शालू कुणाचा?" त्यांनी विचारलं. "मी पांढरी साडी नेसले व्हते."

गाण्यात शालूच असतो, आप्पा पुटपुटले.

"गाण्यात असंल. आपल्या लग्नात न्हवता. निळी किनार व्हती, आन् तुमच्या हातनं तिच्यावर सरबत सांडलं व्हतं."

आप्पांनी पेन काढलं आणि ती ओळ खोडली. उभ्या जन्मात मी त्यांना कुठल्या दुरुस्तीवर इतकं खूश झालेलं पाहिलं नव्हतं. काकी सूप बाजूला सारून जवळ येऊन बसल्या, म्हणाल्या, "फुडं म्हणा." मग मीच उठलो. तिथे माझं काही काम नव्हतं.

याला वर्ष होत आलं. ते गाणं त्यांनी कुठे पाठवलं नाही, आणि पुढे त्याचं काय झालं, या विचाराने मला अधूनमधून उगाच हुरहुर लागते. आप्पांना विचारलं तर ते काकींकडे बोट दाखवतात. काकी म्हणतात, अजून दोन ओळी खोट्या हायेत.