मंगल रुळली नव्हती

पत्नी गेल्यावर मी सारखा रडायचो. पुढं रडणं आपोआप थांबलं. देवापुढं बसायचो, पण आत काहीच हलत नसे. एके दिवशी सूनबाई शेजारणीला सांगत होती, "मामा आता रुळलेत. वाढलेलं गुमान जेवतात." ती मायेनंच बोलली, पण माझ्या हातातला घास तसाच राहिला. तो शब्द माझा होता.

कोल्हापुरातल्या एका बालगृहाचा मी निवृत्त होईपर्यंत अधीक्षक होतो. नवं मूल रडायचं थांबलं, की आम्ही 'रुळलं' म्हणत असू. माझ्याकडं मुलं लवकर रुळतात असा माझा लौकिक. निरोपाच्या भाषणांतही सगळे तेच बोलले आणि मी मान डोलावली. आज ते खोडून काढतो. मुलं रुळत नव्हती. रडून कुणी येत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

मंगल आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिची आई सरकारी दवाखान्यात. दुसरं कुणीच नव्हतं. आई वारल्याचा निरोप आला, तेव्हा ती अंगणात खेळत होती. माझ्यानं सांगवलं नाही. म्हणालो, "आई जोतिबाला गेलीया. येईल." जोतिबाचा वार रविवार, म्हणून दर रविवारी ती बालगृहाच्या फाटकाला चिकटून उभी राहू लागली. डोंगरावरून परतणाऱ्या गाड्यांतली माणसं गुलालानं माखलेली, चेहरे ओळखू येईनात, म्हणून ती दिसेल त्या बाईला "आई!" अशी हाक मारी. पोरं चिडवायची, "मंगे, ही कितवी गं आई?" मग एका रविवारी ती फाटकाकडं गेलीच नाही. मी समाधानानं म्हणालो, "रुळली."

खरं सांगायची संधी पुढं कितीदा तरी आली. ती शिकली, लग्न होऊन कागलला गेली. मी गप्पच राहिलो. जोतिबा आमचं कुलदैवत, पण त्याच्याच नावानं खोटं बोललो होतो. डोंगर चढायचं धाडस पुन्हा झालं नाही.

सुनेच्या त्या शब्दानंतर मात्र रविवारी गेलो. पायऱ्यांवर दम लागला, तिथंच टेकलो. गुलालात न्हालेली एक बाई पाणी घेऊन आली. "एकटंच आलाय व्हय, पावणं? कुणाला हुडकताय?"

कसं कुणास ठाऊक, तोंडून निघून गेलं, "एका पोरीला. तिची आई गेली, हे तिला सांगायचं राहिलंय."

"मग जावा की तिच्याकडं! हितं बसून देवाला कळंल, पोरीला कसं कळायचं?"

तिनं चिमूटभर गुलाल माझ्या कपाळाला लावला आणि गर्दीत शिरली. मी धडपडत उठलो. सगळेच चेहरे गुलाबी, त्यातली ती कोणती, कळेना. आणि माझ्याच तोंडून हाक गेली, "आई!" दोन-चार बायकांनी वळून पाहिलं आणि त्या पुढं गेल्या. फाटकाशी उभं राहणं म्हणजे काय, ते तेव्हा समजलं.

तसाच कागलला गेलो. मंगलनं दारातच सगळं ऐकून घेतलं. माझी मान वर होईना.

"मला कवाच कळलंतं, सर," ती म्हणाली. "पण कुणी सांगितलंच न्हाय. म्हणून पितृपक्षात तिचा घास कधी काढला न्हाय. कुणी सांगितल्याबिगर आईला कशी मारू मी?"

यंदा तिनं घास काढला. मला बोलावलं. पान ठेवून हात जोडले आणि ती मोठ्यानं रडली, अगदी लहान पोरीसारखी. तिचा नवरा "गप, गप" करत पुढं झाला. मी त्याचा हात धरला. "रडू द्या तिला," म्हणालो, आणि माझाही बांध फुटला.

तिनं मला क्षमा केली का, हे मी विचारलं नाही. ती बाई कोण होती, तेही ठाऊक नाही. देवाला शरण जाणं म्हणजे निदान त्याच्या नावाआड लपणं सोडणं, एवढं उतारवयात कळलं. जोतिबाराया, मला रुळू दिलं नाहीस, हे तुझे उपकार.