दुधी भोपळ्याचं खरं नाव

ओतूरच्या पेठेत आमचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे. पाटीवर आजोबांचं नाव, बिलबुकावर वडिलांचं, आणि मला सगळे नुसतं 'शेठ' म्हणतात. पन्नाशी आली तरी माझं स्वतःचं नाव बाजारात कोणाला लागलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, मुलगी 'पप्पा', गिऱ्हाईक 'शेठ, दोन इंची एल्बो द्या'. मुलगी शिकायला पुण्याला जाताना माझ्या मोबाइलमध्ये एक खेळ घालून गेली. "पप्पा, दुपारी गल्ल्यावर घोरू नका, हे खेळा." खेळानं पहिल्याच पानावर नाव विचारलं आणि मी बावचळलो. विचार करून 'बिबट्या' लिहिलं. खेळ म्हणाला, हे नाव घेतलेलं आहे. जुन्नर तालुक्यात राहून मला हे आधीच कळायला हवं होतं. शेवटी 'बिबट्या ४१' मिळालं. आधीच्या चाळीस बिबट्यांपैकी एकही माझ्यासारखा पंच्याण्णव किलोचा नसणार, याबद्दल माझी खात्री आहे.

खेळ साधा. आपली गढी बांधायची, तोफा बसवायच्या, दुसऱ्याची गढी पाडायची. एकट्यानं जमत नाही म्हणून टोळीत शिरावं लागतं. तिला क्लॅन म्हणतात. टोळीतले एकमेकांना तोफा देतात आणि बाजूच्या चौकटीत गप्पा मारतात. आमची टोळी जुन्नर-आंबेगावकडच्या तीसेक जणांची होती. आधीचा म्होरक्या कंटाळून निघून गेला आणि जाताना पुढारीपण माझ्या गळ्यात टाकून गेला. घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा माझ्या हातात नसतो, तो मी तीस जणांचा सेनापती झालो.

त्या तीस जणांत एक होता 'दुधी भोपळा'. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार. वेळ ठरलेली. तोफा मागायचा कधीच नाही, द्यायचा मात्र सगळ्यांत जास्त, आणि तेही टोळीतल्या सर्वांत कच्च्या खेळाडूला. मी एकदा विचारलं, "राव, हे कसलं नाव घेतलं?"

"मला घरी तेवढंच खायला देतात."

हळूहळू कळलं. त्याची किडनी गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पडून राहायचं, एका हातात सुया, दुसरा मोकळा. मोकळ्या हातानं तो आमच्या गढ्या राखायचा. खिडकीतून पुणे-नाशिक रस्ता दिसतो आणि मी कांद्याचे ट्रक मोजतो, असं एकदा म्हणाला होता. पाण्याबद्दल म्हणायचा, "शेठलोकांच्या कूलरमधून दिवसभरात जेवढं गळतं, तेवढं मला डॉक्टर पिऊ देतात." मी शेठ आहे हे त्याला माहीत नव्हतं, तरी मी उठून कूलरची तोटी आवळून आलो होतो. नाव त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन वर्षं आठवड्यातले तीन दिवस मी दुपारी बाराच्या आत जेवून घ्यायचो, ते त्याच्यासाठी. बायकोला वाटायचं, हे वजनाबाबत डॉक्टरांचं ऐकायला लागले.

मग आमच्या टोळीत फितुरी झाली. आम्ही कुठून हल्ला करणार हे समोरच्यांना आधीच कळायला लागलं. एक लढाई हरलो, दोन हरलो, तिसरी हरल्यावर माझ्यातला बिबट्या जागा झाला. मी हुकूम काढला: टोपणनावं बंद. शनिवारपर्यंत प्रत्येकानं लग्नपत्रिकेत छापतात तसं पूर्ण नाव लिहायचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव आणि गाव. जो लिहिणार नाही त्याला टोळीतून काढणार. मला वाटलं, माणसाचं गाव कळलं की माणूस कळतो. आपल्याकडं कोणी नाव सांगितलं की पुढचा प्रश्न 'कुठले?' आणि त्याच्या पुढचा 'म्हणजे कोणाचे?' असाच असतो. दोन प्रश्नांत माणूस हातात येतो. दुकानात मी असाच उधारी देतो.

नावं आली आणि दोन दिवसांत टोळीची ग्रामसभा झाली. 'रणगाडा' घोडेगावच्या कचेरीत कारकून निघाला. त्याच्याकडं लोक तोफांऐवजी सातबारा मागायला लागले. तो गेला. 'वादळ' आणि 'काळभैरव' वर्षभर एकमेकांसाठी जीव द्यायचे, ते एकाच बांधाच्या दोन बाजूंचे चुलतभाऊ निघाले आणि त्यांचं बोलणं बंद झालं. दोन जणी बायका होत्या, हे कळायच्या आतच त्या निघून गेल्या. आणि फितूर? तो माझा सख्खा मेहुणा निघाला. घोडेगावला कापडाचं दुकान चालवतो, आणि समोरच्या टोळीतली निम्मी पोरं त्याच्याच गल्लीतली. मी फोन केला.

"दाजी, गंमत केली हो," तो म्हणाला. "तुम्ही फार सीरियस घेता."

"तुला आत्ता काढून टाकतो."

"काढा की. ताईला सांगा मग, भाऊबीजेला पाटावर कोण बसणार ते."

मी त्याला काढलं नाही. त्याला नाव होतं, गाव होतं, आणि माझ्या घरात पाट होता.

शुक्रवारी दुपारी दुधी भोपळ्याचा मला एकट्याला निरोप आला. टोळीत असेपर्यंत तशी सोय असते. त्यानं लिहिलं होतं: "भाऊ, मला यातून वगळा. नाव लिहिलं की गाव येईल. गाव आलं की कोणीतरी म्हणेल, अरे, ते किडनीवाले ना. मग सगळे विचारणार, आता कसं वाटतंय. इथं मला ते कोणी विचारत नाही. इथं माझ्याकडं फक्त तोफा मागतात."

आज मला त्यातला शब्द न् शब्द कळतो. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की अर्धी टोळी पळालेली, फितूर घरचा निघालेला, आणि नियम निदान एका तरी माणसाला लावून दाखवला पाहिजे. मी लिहिलं, "नियम सगळ्यांना सारखा." शनिवारी संध्याकाळी दुकानाचं शटर ओढायच्या आधी मी त्याच्या नावावर बोट ठेवलं. खेळानं विचारलं, 'खात्री आहे?' मी 'हो' दाबलं. घरी जाऊन पोटभर जेवलो.

पहिला आठवडा मी रुबाबात काढला. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी दुपारी बाराच्या आत जेवून बसलो आणि मग आठवलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला परत बोलवायला गेलो, तर खेळ म्हणाला, असा कोणी खेळाडू नाही. टोळीच्या चौकटीत जुनं बोलणं शोधलं. तिथं फक्त शेवटची काही पानं राहतात, आणि ती सगळी मेहुण्याच्या विनोदांनी भरलेली होती.

माझ्याकडं दुधी भोपळ्याचं काय होतं? वार, वेळ, एक खिडकी आणि कांद्याचे ट्रक. तेवढ्यावर मी बायकोला 'कंपनीची मीटिंग आहे' सांगून पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरला गेलो. रस्त्याकडेच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर डायलिसिस होतं.

"पेशंटचं नाव?" सिस्टरनं विचारलं.

"नाव माहीत नाही."

"नातं?"

"आम्ही... सोबत असायचो."

"काका, नावाशिवाय आम्ही माहिती देत नाही. नियम आहे."

मला नियमाबद्दल बोलायला तोंड नव्हतं. मी काचेतून आत पाहिलं. पाच पलंग, पाचही जणांच्या मोकळ्या हातात मोबाइल. दार थोडं ढकलून मी विचारलं, "इथं दुधी भोपळा कोण आहे का?" पाचही जणांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या मोबाइलकडं. सिस्टरनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

जिन्यात फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. त्यांना खिडकीजवळच्या पलंगाबद्दल विचारलं.

"खिडकीपाशी व्हय? ते गेलं की हो मागच्या आठवड्यात. महाळुंग्याचं व्हतं. ट्रक बघत बसायचं सारखं. परवाला दहावा असंल त्यांचा."

महाळुंगे पडवळच्या चौकात फ्लेक्स लागला होता. फोटो, फेटा, पूर्ण नाव, दशक्रिया विधीची वेळ. मी त्या फोटोकडं बराच वेळ पाहिलं. तोच का? दोन वर्षं आठवड्यातून तीनदा बोललेला माणूस मला चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हता, आणि पाच फुटांचा चेहरा समोर असून त्याच्या बोलण्याचा काही पत्ता लागत नव्हता.

दहाव्याला गेलो. पांढरा शर्ट घातला, मागच्या खुर्चीवर बसलो. शेजारच्यानं विचारलंच.

"पावणं कुठलं?"

"ओतूर. पेठेत दुकान आहे."

"मंग कसं काय वळखीत?"

"एकत्र खेळायचो आम्ही."

"कबड्डी का?"

आता तुम्हीच सांगा, दहाव्याच्या मांडवात मोबाइलवरची गढी कशी समजावायची? मी मान हलवली. त्यानं माझ्या पोटाकडं एकदा पाहिलं, पण उठून माइकवाल्याच्या कानाला लागला. प्रवचन संपलं, दोन पुढारी बोलले, आणि पुकारा झाला: "यानंतर त्यांचे कबड्डीतले जुने सवंगडी, ओतूरचे शेठ, दोन शब्दांत श्रद्धांजली वाहतील."

माइक हातात आला तेव्हा मी काहीच ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, "ते स्वतः मागचा मोर्चा सांभाळायचे. ज्याला खेळता येत नाही त्याच्या पाठीशी उभे राहायचे. आणि फार हसवायचे हो. अंगात सुया टोचलेल्या असताना हसवायचे." पाण्याचं आणि कूलरचं सांगितलं. पुढं बसलेल्या दोघातिघांनी डोळे पुसले. मला क्षमा मागायची होती, पण मांडवातल्या कोणाला ती कळली नसती, आणि ज्याची मागायची तो हाच की दुसरा, ते मलाच कळत नव्हतं. मी हात जोडून खाली बसलो.

निघताना त्यांच्या धाकट्या भावानं गाठलं. "शेठ, वहिनी बोलवत्यात."

वहिनी बायकांच्या घोळक्यापासून जरा बाजूला बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "ते कबड्डी कधी खेळलं न्हाईत. ल्हानपणी पाय मोडला व्हता. मंग तुमी काय खेळायचा?"

मी खरं सांगितलं. सगळं नाही. काढून टाकल्याचं सोडून सगळं.

"हसवायचे म्हणला तुमी," त्या म्हणाल्या. "आमच्याशी तीन वरसं नीट बोललं न्हाईत. जेवलं का विचारलं तरी भिंतीकडं तोंड. ते हसायचे?"

"वहिनी, ते तेच होते की नाही, मला नक्की माहीत नाही. माझ्याकडं नाव नव्हतं."

त्यांनी पिशवीतून एक मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला. "हे दवाखान्यात न्यायचे. पॅटर्न कोनाला ठाव न्हाई. तुमाला येतंय का बगा."

मी चार वेळा बोट फिरवून पाहिलं. सरळ, आडवं, चौकोन, उलटा चौकोन. मोबाइल म्हणाला, तीस सेकंद थांबा. आम्ही दोघं ते तीस सेकंद थांबलो. नंतर त्यांनी तो परत पिशवीत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. तेच असत्याल," त्या म्हणाल्या. "त्यांचं लिव्हल्यालं काई हाये का तुमच्याकडं?"

"नाही."

"मंग फोनवर सांगत जा. आठवंल तसं."

भावानं वही काढली, माझं पूर्ण नाव, गाव, नंबर लिहून घेतला. मी सगळं सांगितलं.

त्यांचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो, दुपारचा. कधी कांदा काढायचा असतो, कधी मुलाचं काही. बोलणं संपताना विचारतात, "आजून काय म्हनायचे ते?" मी सांगतो. कधी तोफांचं, कधी ट्रकांचं. त्या प्रत्येक वेळी ऐकून घेतात आणि 'आसं व्हय' म्हणतात. दोन वर्षांच्या बोलण्यातलं माणसाला आठवून आठवून किती आठवणार? पाऊण वर्षात माझ्याजवळचं सगळं संपलं. संपलं म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून मागच्या खेपेला मी गल्ल्यावर बसल्या बसल्या एक पदरचंच सांगितलं. म्हणालो, एकदा ते म्हणाले होते, आमच्या हिच्या हातचा दुधी असा, की दुध्यालासुद्धा कळत नाही आपण शिजलोय ते.

पलीकडून हसू ऐकू आलं. पहिल्यांदाच.

"हे मातर आगदी त्यांच्यावानी हाये," वहिनी म्हणाल्या.